काखेत जॅव्हलिन, गावाला वळसा

"काका, आम्ही पाच जण दर रविवारी जेवणं उरकली की कर्वेनगरला दादाच्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ खेळतो. नियम २०१४ चे. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि राक्षस चालवणारी, आमची वहिनी. दादा रेंजर, म्हणजे रानात वावरणारा लढवय्या, लाँगबो (मोठं धनुष्य) घेऊन मागे उभा असतो. मी बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा, चौथी लेव्हल, स्ट्रेंथ (ताकद) १८, डेक्स (चपळाई) १२, हातात ग्रेटॲक्स, दोन हातांची कुऱ्हाड. मागच्या रविवारी वहिनीने मँटिकोर नावाचा पंखवाला राक्षस आणला. तो वरून शेपटीचे काटे मारत बसला, खाली उतरेचना. पहिला काटा मला लागला तेव्हा मी चिडून रेज (बार्बेरियनचा लढाईतला संताप) लावला आणि त्याच्या खाली धावत गेले. पुढच्या टर्नला रेज उतरला, कारण ना मी कुणाला मारलं, ना मला कुणी मारलं. बाकीचे काटे दादाला आणि विझार्डला लागत होते. अख्खी लढाई मी 'धावते' एवढंच म्हणत राहिले. मी म्हटलं, माझ्या शीटवर, म्हणजे पात्राच्या कागदावर, चार जॅव्हलिन (फेकायचे भाले) लिहिलेत, फेकू का? तर दादा म्हणाला, 'भाले फेकणं म्हणजे हत्यार टाकून देणं. एकदा गेलं की गेलं. त्यापेक्षा लाँगबो घे.' लाँगबो ५० गोल्डचा आणि माझ्याकडे आहेत ३८. वहिनी नुसती हसली, काही बोलली नाही. फेकायच्या हत्यारांचा खरंच काही उपयोग असतो का, की ती शीटवर शोभेपुरती असतात? आणि दादाला काय सांगू?
— रिकाम्या हाताची बार्बेरियन, कर्वेनगर"

अगं, ते चार जॅव्हलिन तू विकत घेतलेले नाहीस, ते तुला मिळालेत. २०१४ च्या पुस्तकात बार्बेरियनच्या सुरुवातीच्या सामानात एक्सप्लोरर्स पॅक आणि चार जॅव्हलिन सरळ लिहिलेले आहेत. ज्यांनी हा क्लास लिहिला त्यांना ठाऊक होतं की कधीतरी काहीतरी उडणारं येणार आणि ही बाई खाली कुऱ्हाड घेऊन उभी राहणार. चार लेव्हल ते तुझ्या पाठीवर आहेत आणि तू धनुष्याला १२ गोल्ड कमी पडले म्हणून हळहळतेस. वहिनी का हसली ते मला कळलं.

दादाचं म्हणणं दादापुरतं बरोबर आहे. तो रेंजर आहे, त्याची डेक्स चांगली असणार, लाँगबोची रेंज १५० फूट आणि ताणून ६०० फूट. त्याने भाले फेकत बसणं हा खरंच वेडेपणा होईल. चूक एवढीच की तो स्वतःचा चष्मा तुझ्या नाकावर चढवतोय. जॅव्हलिन हे मेली, म्हणजे हातघाईच्या लढाईचं, हत्यार आहे. फेकलं तरी त्याचा अटॅक आणि डॅमेज दोन्ही स्ट्रेंथवरच चालतात. धनुष्य चालतं डेक्सवर. तुझी स्ट्रेंथ १८, डेक्स १२. अर्धं उत्तर इथेच झालं, पण दादाला आकडे लागतील, म्हणून मांडूनच दाखवतो.

मँटिकोरचा एसी, म्हणजे त्याला लागायला गाठायचा आकडा, १४. तुझ्या जॅव्हलिनला स्ट्रेंथचे ४ आणि प्रॉफिशियन्सीचे (सरावाचे) २, म्हणजे अधिक ६. वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा वर आलं की लागला. वीसपैकी तेरा बाजू तुझ्या, ६५ टक्के. लागला की एक डी-सिक्स (सहा बाजूंचा फासा) अधिक ४, सरासरी साडेसात. म्हणजे एका फेकीमागे ढोबळमानाने ४.९ डॅमेज. (क्रिट, म्हणजे फाशावर २० आल्यावरचा जबर वार, सोडून दिलाय, त्याने चित्र बदलत नाही.) आता लाँगबो. अधिक ३, त्यामुळे ११ यायला हवेत, पन्नास टक्के. डॅमेज एक डी-एट अधिक १, सरासरी साडेपाच. एका बाणामागे २.७५. ५० गोल्ड मोजून तू जवळपास निम्मी झालीस.

दादा लगेच म्हणेल, "अगं पण जॅव्हलिनची रेंज तीसच फूट!" खरं आहे. तीस फुटांपर्यंत, म्हणजे नकाशावरच्या सहा घरांपर्यंत सरळ फेक. त्यापुढे १२० फुटांपर्यंत डिसॲडव्हान्टेज, दोन फासे टाकून कमी असेल तो घ्यायचा. लोक हा शब्द ऐकला की हात आखडता घेतात. पण हिशेब कर. ६५ टक्क्यांचे ६५ टक्के म्हणजे साधारण ४२. गुणिले साडेसात, ३.२ च्या आसपास. शंभर फुटांवर, डिसॲडव्हान्टेज अंगावर घेऊन फेकलेला तुझा पाच सिल्व्हरचा भाला तुझ्याच हातातल्या ५० गोल्डच्या धनुष्यापेक्षा जास्त मारतो. मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा मलाही दोनदा तपासावा लागला होता.

पण खरं सांगू का, डॅमेज हा या प्रकरणातला लहान मुद्दा आहे. मोठा मुद्दा तुझ्या रेजचा.

२०१४ चा नियम नीट वाच. तुझा टर्न संपताना, आधीच्या टर्नपासून तू शत्रूवर अटॅक केलेला नसेल आणि तुला डॅमेजही झालेलं नसेल, तर रेज संपतो. शब्द 'अटॅक' आहे. लागायलाच हवा असं कुठेही म्हटलेलं नाही. तू आकाशात जॅव्हलिन भिरकावलास, फाशावर २ आले, भाला झाडीत गेला, सगळे हसले, तरी रेज जिवंत. चौथ्या लेव्हलला लाँग रेस्टपर्यंत, म्हणजे पुढच्या मोठ्या विश्रांतीपर्यंत, तीनच रेज मिळतात, त्यातला एक तू धावण्यात घालवलास. पाठीवरचा एक भाला फेकला असतास तर तो टिकला असता, आणि मँटिकोर पुढे खाली आला असता तेव्हा तू तापलेली असतीस. बार्बेरियनसाठी जॅव्हलिन म्हणजे चुलीत सारलेलं लाकूड. जाळ मोठा होवो न होवो, विझता कामा नये.

इथे एक खडा चावणार आहे, तो आधीच सांगून ठेवतो. २०१४ च्या नियमांत रेजचं जादा डॅमेज फक्त मेली अटॅकला मिळतं, फेकीला नाही. रेकलेस अटॅक, म्हणजे बेफिकीर वार करून दोन फाशांतला मोठा घेणं, त्याचंही तेच. म्हणून वरच्या आकड्यांत मी ते धरलेलं नाही. वहिनीकडे ते मागू नकोस, ती पुस्तक उघडून दाखवेल आणि दादाला आयतं कोलीत मिळेल.

आता हातांची गोष्ट. टेबलावर सगळ्यात जास्त वेळ याच्यावर भांडण्यात जातो. आमच्याकडे नवीन पोरं आली की मी स्वयंपाकघरातून झाडू आणि लाटणं मागवतो. झाडू म्हणजे ग्रेटॲक्स, लाटणं म्हणजे पाठीवरचा जॅव्हलिन. झाडू दोन्ही हातांत धरायला लावतो आणि म्हणतो, आता लाटणं फेक. दहापैकी आठ जण आधी झाडू खाली टाकतात. का टाकलास रे? तर म्हणे, टू-हँडेड आहे ना! पण दोन हात लागतात ते वार करताना. नुसतं धरायला एक हात पुरतो. झाडू डाव्या हातात उभा धर, काठी जमिनीला टेकव, उजव्या हाताने लाटणं उपस आणि फेक. टर्नमध्ये एक वस्तू हाताळणं फुकट असतं, ते लाटणं उपसण्यात गेलं. अटॅक झाला. आता उजवा हात रिकामा आहे, तो परत झाडूवर. मध्येच कुणी शेजारून पळायला लागलं तर ऑपॉर्च्युनिटी अटॅक ग्रेटॲक्सने, पूर्ण डी-ट्वेल्व्हने. धनुष्याला मात्र वार करताना दोन्ही हात लागतात, म्हणजे कुऱ्हाड आधी कुठेतरी ठेवायची, मग शत्रू अंगावर आला की शोधायची. (लाटणं दर वेळी परत जागेवर ठेवायचं, ही आमच्या घरची अट. एकदा ते सोफ्यामागे सापडलं होतं, आणि पुढचे दोन महिने डाव आमच्या घरी झाला नाही.)

ढाल-तलवारवाल्यांचे हाल मात्र होतात. एका हातात ढाल, दुसऱ्यात तलवार. तलवार म्यानात घातली की फुकटची हाताळणी संपली, भाला उपसायला उरत नाही. हातातली वस्तू नुसती सोडून द्यायला काही लागत नाही, म्हणून ते तलवार टाकतात, भाला फेकतात आणि पुढच्या टर्नला वाकून उचलतात. तोवर गॉब्लिनने ती पळवली नाही म्हणजे मिळवली. तुमच्या ग्रुपात कुणी पॅलाडिन (धर्मयोद्धा) असेल तर त्याला सांग, तू भाला आणि ढाल घेऊनच फिर. भाला एका हाताने टोचताही येतो, फेकताही येतो. मग खुशाल पुढचा उपस.

आता त्या मँटिकोरकडे वळू, कारण वहिनीने तुम्हाला एक कोडं घातलं होतं आणि तुम्ही कुणीच ते सोडवलं नाहीत. त्याच्या शेपटीत काटे २४ च असतात. एका टर्नला तीन मारतो, म्हणजे आठ राउंडमध्ये कोठार रिकामं. मग लाँग रेस्टशिवाय नवीन उगवत नाहीत. वहिनीने मोजले होते का, हे हळूच विचार. मोजले असतील तर आडोशाला बसून वाट पाहणं हाही डाव होता. दुसरं, काट्यांची सरळ रेंज १०० फूट, त्यापुढे २०० पर्यंत त्यालाही डिसॲडव्हान्टेज. म्हणजे तुम्हाला नीट नेम धरून मारायचं तर त्याला शंभर फुटांच्या आत यावं लागतं, आणि तुझा जॅव्हलिन १२० फुटांपर्यंत पोचतो. तो सुखाने मारतो त्या सगळ्या टापूत तू त्याला उलट मारू शकतेस. हँडॲक्स (हातकुऱ्हाड) किंवा खंजीर असता तर साठ फुटांवरच संपला असता. माझ्या मते कुऱ्हाड चालवणाऱ्या कुठल्याही माणसाच्या पाठीवर जॅव्हलिन हवेतच. दुसरं कुठलंही फेकायचं साधं हत्यार त्याच्या जवळपास येत नाही.

राहिला दादाचा मुख्य आक्षेप, फेकलं की गेलं. जॅव्हलिनची किंमत पाच सिल्व्हर, म्हणजे अर्धा गोल्ड. तुझ्या ३८ गोल्डमध्ये ७६ येतील, पाठीवर मावले तर. एकाचं वजन दोन पाउंड, तेव्हा सहा-आठ ठेव, पुष्कळ झाले. लढाई संपली की गोळा करायचे. बाणांना निम्मे परत मिळतात असा नियम आहे, फेकलेल्या हत्याराला तसा काही नियम नाही. जिथे पडलं तिथे ते पडलेलं असतं. म्हणून ते कुठे पडलं हे टेबलावर दिसायला हवं.

आम्ही काडेपेटीतल्या काड्या वापरतो. खेळ सुरू होण्याआधी जेवढे भाले तेवढ्या काड्या शीटवर रांगेत मांडायच्या. फेकला की एक काडी उचलून नकाशावर ज्या घरात पडला तिथे ठेवायची, गुल फेकणाऱ्याच्या विरुद्ध बाजूला. शत्रूला रुतून राहिला असेल तर काडी त्याच्या सोंगटीखाली सरकवायची, सोंगटी हलली की काडीही हलते. आमच्या सोंगट्या म्हणजे हरभऱ्याची डाळ आणि ओगरसाठी (आडदांड राक्षस) सुपारी, आणि नकाशा म्हणजे अप्पा बळवंत चौकातून आणलेला आलेखाचा कागद काचेखाली घातलेला. त्यावर काड्या उठून दिसतात. गंमत अशी की काडी समोर दिसली की माणूस तिकडे चालत जातो. एरवी खांबासारखा उभा राहणारा आमचा एक फायटर आपल्या काड्या गोळा करायच्या नादात अख्ख्या नकाशावर फिरायला लागला. वहीत "जॅव्हलिन ४, ३, २" असं खोडत बसलं तर हे होत नाही.

"गेलं" हे खरं फक्त एका बाबतीत, आणि त्याची शिक्षा मी भोगली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, जुन्या नियमांत, माझ्या फायटरकडे एकुलता एक मॅजिक जॅव्हलिन होता. दरीच्या पलीकडे ओगर. मी तो फेकला, लागला, ओगर मेला, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या आणि ओगर भाल्यासकट दरीत कोसळला. पुढचा पाऊण तास मी दोर, खुंट्या आणि क्लाइंबचे फासे यांच्यात घालवला. बाकीचे चहा पिऊन आले, वडापाव खाऊन आले, मी अजून खालीच. तेव्हापासून नियम केला: फेकायचं ते स्वस्त. जादूचं हत्यार फेकायचं असेल तर ते परत येणारं हवं. २०१४ च्या नियमांत आर्टिफिसरला (वस्तूंत जादू भरणारा कारागीर) असं इन्फ्युजन करता येतं, फेकायच्या हत्याराला अधिक १ मिळतो आणि वार झाल्या झाल्या ते हातात परत येतं. तुमच्यात कुणी आर्टिफिसर नाही असं पत्रावरून दिसतं, तेव्हा सोडून दे.

बाकीची हत्यारं भराभर सांगतो. हँडॲक्स लाइट आहे, दोन हातांत दोन घेऊन लढणाऱ्याला बरी. जवळ कुणी नसेल तर दुसरीही फेकता येते. खंजीर रोगसाठी, म्हणजे चोरपावलांनी लढणाऱ्या पात्रासाठी. फिनेस (डेक्सवरही चालणारं हत्यार) असल्यामुळे फेकला तरी स्नीक अटॅक, म्हणजे रोगचा जादा डॅमेजचा वार, लागू होतो, आणि रोगचा एक वार चुकला की दुसऱ्या हातातला फेकून पुन्हा संधी मिळते. डार्ट स्वस्त, एका सिल्व्हरला दोन, पण तुझ्या कामाचा नाही. विझार्डने खंजीर फेकणं म्हणजे घरात गॅस असताना शेगडी पेटवणं, त्याच्याकडे फायर बोल्ट, म्हणजे जादूने फेकायची आग, आहे. जाळ्याबद्दल बोलूच नये. सरळ रेंज पाच फूट आणि पाच फुटांच्या आत शत्रू असला की फेकीला डिसॲडव्हान्टेज, त्यापलीकडे लांबची रेंज म्हणून डिसॲडव्हान्टेज. म्हणजे नशिबात डिसॲडव्हान्टेजच. मात्र एखादं उडणारं १५ फुटांवर आलं आणि जाळं लागलं, तर त्याचा स्पीड शून्य होतो आणि ते दगडासारखं खाली येतं. मी हे एकदाच पाहिलंय, एका हार्पीबाबत, आणि ते दृश्य आयुष्यभर पुरेल.

तो पाच फुटांचा नियम तूही लक्षात ठेव. शत्रू अंगाला भिडलेला असताना भाला फेकायचा नाही, तेव्हा कुऱ्हाड.

आणि वहिनीने कधी तुम्हाला पाण्यात ढकललं, तर दादाचा लाँगबो आणि तुझी ग्रेटॲक्स दोन्हीला डिसॲडव्हान्टेज लागेल. जॅव्हलिन मात्र पाण्याखाली टोचायलाही चालतो आणि सरळ रेंजपर्यंत फेकायलाही, काही कमी न होता. त्या दिवशी दादाला दोन उसने दे. कसे परत घ्यायचे ते तू ठरव.

आता थोडं विषयांतर. पुण्यात राहून भालाफेकीवर लिहायचं आणि नीरज चोप्राचं नाव घ्यायचं नाही, हे कसं व्हायचं? इथल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमधल्या स्टेडियमला २०२१ साली त्याचं नाव दिलं गेलं. टोकियोत ७ ऑगस्ट २०२१ ला त्याने ८७.५८ मीटर फेकला, म्हणजे साधारण २८७ फूट. पुरुषांच्या स्पर्धेतला भाला ८०० ग्रॅमचा, आपला दोन पाउंडांचा म्हणजे ९०० ग्रॅमच्या थोडा वर. वजन जवळपास तेच. मग खेळात १२० फुटांवर का संपतो, असं एका मुलाने मला विचारलं होतं. अरे, नीरजला धावायला मोकळी पट्टी आहे, भाला कुठे पडावा याला अख्खं मैदान आहे, आणि मैदान त्याला चुकवत नाही. तुझ्या बार्बेरियनला एका राउंडचे सहा सेकंद आहेत, त्यात धावायचं, उपसायचं, फेकायचं, तेही पंख फडफडवत सरकणाऱ्या जनावराला. २४ घरं म्हणजे उदारपणाच आहे.

आणि फेकलं की गेलं, यावर आपल्याकडे फार पूर्वी उपाय निघाला होता. विटा. मराठ्यांचं हत्यार, भाल्याच्या मागच्या टोकाला दोरी, दोरी हाताशी. फेकायचा, रुतवायचा, दोरीने परत ओढायचा. मर्दानी खेळाच्या प्रात्यक्षिकांत अजून बघायला मिळतो. विटा फिरवणारा रिंगणात उतरला की पुढच्या रांगेतली माणसं आपोआप दोन पावलं मागे सरकतात. पुस्तकात असं काही नाही, पण माझ्या टेबलावर मी चालवतो. अट अशी: रेंज दोरीच्या लांबीएवढी, तीस फुटांहून जास्त नाही, परत ओढायला पुढच्या टर्नची फुकट हाताळणी खर्च, आणि शत्रूला लागून रुतला असेल तर ओढताना स्ट्रेंथचा चेक, हरलीस तर दोरी सोड नाहीतर ओढली जा. शेवटचं कलम वहिनीला आवडेल. तिला एकटीला गाठून विचार, सगळ्यांसमोर नको. सगळ्यांसमोर विचारलंस की तिला दादाकडे बघावं लागेल, आणि दादा नाहीच म्हणणार.

पुढचं एक संकट आत्ताच दिसतंय. पाचव्या लेव्हलला तुला एक्स्ट्रा अटॅक मिळेल, टर्नला दोन वार. पण २०१४ च्या नियमांत फुकटची हाताळणी एकच, त्यामुळे दुसरा जॅव्हलिन उपसता येत नाही. फायटर आणि रेंजरना २०२० च्या एका पुस्तकातून थ्रोन वेपन फायटिंग नावाची स्टाइल घेता येते, तिने उपसणं वारातच धरलं जातं आणि डॅमेज २ ने वाढतं. तुला ती सरळ मिळणार नाही. यावर उपाय एवढाच की धोका दिसला की एक जॅव्हलिन आधीच हातात घेऊन चालायचं. एका हातात कुऱ्हाड, एका हातात भाला. मग पहिल्या टर्नला दोन फेकता येतात, नंतर टर्नला एक. माझ्या मते यासाठी फीट (लेव्हल वाढताना निवडायचं खास कौशल्य) वगैरे खर्च करू नकोस. तू कुऱ्हाडीची बाई आहेस, भाले हे तुझं अडीनडीचं काम. ज्यांनी अख्खं कॅरेक्टर फेकीवर बांधलं, त्यांना मी पाचव्या लेव्हलपासून कुरकुरतानाच पाहिलंय. (१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीची गोष्ट निराळी. तिथे राउंडला तीन डार्ट फेकता यायचे आणि प्रत्येकावर स्ट्रेंथचं डॅमेज चढायचं. ड्रॅगनला डार्टने मारणारे फायटर तेव्हा होऊन गेले. आम्हाला तेव्हा लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.)

तुम्ही पुढेमागे २०२४ च्या नियमांवर गेलात तर मात्र तुझे दिवस फिरतील. तिथे फेकायचं हत्यार वारातच उपसलं जातं. रेजचं जादा डॅमेज स्ट्रेंथच्या फेकीलाही मिळतं. रेकलेस अटॅकही स्ट्रेंथच्या कुठल्याही अटॅकला चालतो, म्हणजे लांबच्या फेकीचं डिसॲडव्हान्टेज सरळ कटतं. आणि जॅव्हलिनची मास्टरी (हत्याराचं खास कसब) घेतलीस तर ज्याला लागला त्याचा स्पीड तुझ्या पुढच्या टर्नपर्यंत दहा फुटांनी कमी. तेवढ्यासाठी सगळ्यांना नवीन पुस्तक घ्यायला लावू नकोस. पण विषय निघाला तर तुझं मत कुठल्या बाजूला पडायचं ते आत्ताच ठरवून ठेव.

दादाला काय सांगायचं? काहीच नको. मोठ्या भावाला आकडे दाखवून पटल्याचं मी माझ्या घरात तरी पाहिलेलं नाही. येत्या रविवारी जेवणं झाली की शीटशेजारी चार काड्या मांड आणि गप्प बस. तो विचारेल, हे काय? सांग, लाकूडफाटा. तुझा पहिला टर्न आला आणि समोरचा कुऱ्हाडीच्या टप्प्यात नसेल, तर रेज लाव, काडी उचल, फासा टाक. चुकला तर हसू दे त्याला. दुसऱ्या टर्नला तू अजून रेजमध्ये आहेस हे वहिनी मोठ्याने वाचून दाखवेल, ते तिचं कामच आहे.

आणि लाँगबोसाठी साठवलेले ३८ गोल्ड राहू देत, एक्सप्लोरर्स पॅकमधला पन्नास फुटांचा दोर बाहेर काढून ठेव. विट्याला लागेल. वहिनी नाही म्हणाली, तरी मँटिकोरची गुहा कड्यावर असली तर चढायला लागेलच.